कमिशन वाचवणाऱ्या क्लायंटसाहेबांना

क्लायंटसाहेब,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलेला नाही. प्रेम नाही, आणि नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही.

मसाल्याच्या पाकिटांचं डिझाइन हवं म्हणून तुम्ही अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवर जाहिरात टाकलीत. साताऱ्याच्या माझ्या मैत्रिणीला निवडलंत. पहिल्या माइलस्टोनचे पैसे भरायची वेळ आली तसा मेसेज आला, "कशाला उगाच त्यांना कमिशन द्यायचं? व्हॉट्सअ‍ॅपवर या ना ताई, थेट जीपेला टाकतो." ताई! मजुरी बुडवायचं ठरल्यावर नातं बरं सुचलं.

कमिशनचं कारण खोटं होतं. तुम्हाला एस्क्रो चुकवायचा होता. तिथे ठरलेल्या रकमेच्या कामात क्लायंटने माइलस्टोनचे पैसे आधी एस्क्रोत ठेवायचे, मग काम सुरू. काम सादर झालं की तुमच्या हातात 14 दिवस: मंजूर करा नाहीतर बदल सांगा. गप्प बसलात तर पैसे आपोआप सुटतात. म्हणजे गप्प बसून पैसे बुडवता येत नाहीत, आणि तुमचं तर सगळं भांडवलच गप्प बसण्याचं! एकदा ओळख झाली की दोन वर्षं व्यवहार बाहेर न्यायचा नाही, हाही तिथलाच नियम. तो मोडला तर खातं बंद होऊ शकतं. तुम्ही दुसऱ्या ईमेलने नवं खातं उघडाल. तिचे वर्षानुवर्षं जमवलेले रिव्ह्यू कुठून आणणार होतात? काम हातचं जाईल या धाकाने ती बाहेर आली, आणि तो धाक तुम्ही घातलात.

पुढचे चॅट मी स्वतः वाचलेत. "लाल रंग अजून तिखट दिसू दे." "मिरची थोडी डावीकडे." "मिसेसना पहिलंच आवडलं होतं." रात्री साडेअकराला मेसेज, सकाळी सातला "झालं का?" मग "ओपन फाइल पाठवा, संध्याकाळी पेमेंट करतो." फाइल गेली. तिच्यावर दोन निळ्या टिका आल्या. त्यानंतरच्या प्रत्येक मेसेजला एकच करडी टीक, कारण तुम्ही तिला ब्लॉक केलंत. आज तीच पाकिटं तिच्या घराजवळच्या किराणा दुकानात माळेने टांगली आहेत. मिरचीच्या देठाला तिने दिलेला बाकसुद्धा जसाच्या तसा आहे. जिच्या हातून ती मिरची उतरली, ती बाई दुकानातून तेच पाकीट पैसे मोजून घेते आणि तुम्ही तिचा फोन घेत नाही.

बाहेर नेलं की नियम संपले, असं तुम्ही धरून चाललात. प्लॅटफॉर्मचे संपले असतील, देशाचे नाहीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशा कलाकृतीची पहिली मालक ती घडवणारी. मालकी दुसऱ्याकडे जायची तर लेखी आणि सहीनिशी. तुम्ही ना पैसे दिलेत, ना कागद केलात. ते चित्र अजून तिचंच आहे, आणि प्रत्येक पाकिटावर तुम्ही ते तिला न विचारता छापताय.

दुसरं, तिची उद्यम नोंदणी तुमचं काम घेण्याआधीची आहे. अशा लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे काम मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असं धरतात. लेखी करारात काही ठरलं असलं तरी पैसे द्यायची मुदत 45 दिवसांपलीकडे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कमिशन जड वाटणाऱ्या माणसाने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघावा.

बिल, चॅट आणि फाइल पाठवल्याची तारीख, सगळं फाइलला लावून झालंय. त्याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडचा अर्ज भरून तयार आहे. येत्या सोमवारपर्यंत मूळ रक्कम व्याजासकट तिच्या खात्यात जमा करा आणि तिला स्वतः फोन करून माफी मागा. नाहीतर मंगळवारी अर्ज जाईल.

तिची मैत्रीण,
स्वतःही फ्रीलान्सर