त्रेसष्ट नंबरचा कोट

मनालीच्या वर बर्फाच्या वादळाचा इशारा आला, की डोंगरातला माणूस लाकडे आत घेतो, गुरांपुढे चारा टाकतो आणि दार लावून घेतो. आमचा माणूस नेमका त्याच वेळी गाडीची किल्ली शोधत असतो. पुण्यात पारा दहावर उतरला तर हाच गृहस्थ माकडटोपी घालून लिफ्टमध्ये भेटेल त्याला ‘यंदा थंडी फार’ असे ऐकवतो. इथे पारा शून्याखाली गेल्याचे कळूनही त्याचा प्रश्न एकच असतो : ‘‘भैया, उधर बर्फ भेटेगा ना?’’

भेटतो. त्याआधी कोट भेटतो.

सोलंगच्या वाटेला लागले की रस्त्याकडेला भाड्याच्या कोटांची दुकाने सुरू होतात. दुकानाच्या नावाला इथे किंमत नाही, नंबराला आहे, आणि तोच नंबर कोटाच्या पाठीवर रंगवलेला असतो. आमच्या माणसाच्या वाट्याला येतो त्रेसष्ट. येरवड्याच्या कैद्यालाही इतका ठसठशीत नंबर मिळत नसेल. कोट एकेकाळी गुलाबी असावा. त्याची चेन छातीपर्यंत चढते आणि तिथे संप करते. खिशात आदल्या गिऱ्हाइकाच्या वेफर्सचा चुरा असतो. आतून तो किंचित ओला असतो. तो ओलावा बर्फाचा की काल त्यात घामाघूम झालेल्या सद्गृहस्थाचा, हे विचारायचे नसते. सोबत गमबूट मिळतात. त्यांतला एक डाव्या पायाचा आणि दुसराही बहुधा डाव्याच. आमचा माणूस हा सगळा ऐवज अंगावर चढवतो, आरशात पाहतो आणि आपण आता एव्हरेस्टला निघायला हरकत नाही अशा चेहऱ्याने भावाची घासाघीस सुरू करतो. तीनशेचे अडीचशे होतात. बायको म्हणते, ‘‘अहो, दोनशेला देईल तो, तुम्ही चालायला लागा.’’ ते चालायला लागतात, दुकानदार हाक मारत नाही, ते परत येतात. डिपॉझिट म्हणून आधार कार्ड ठेवले जाते. शेजारी चाकांना लावायच्या साखळ्याही टांगलेल्या असतात. त्यांच्याकडे बोट दाखवून दुकानदार काही सांगू पाहतो, पण बावीस लाखांच्या गाडीला साखळ्या कशाला? लुटतात लेकाचे!

आता सगळा जथा वर. तिथे हजार माणसे, सगळी गुलाबी नाहीतर नारिंगी. मुले भलत्याच बापाचे बोट धरतात, बायका भलत्याच नवऱ्यावर खेकसतात आणि तोही सवयीने ऐकून घेतो. शेवटी पाठीवरचे नंबर वाचून कुटुंबे जुळवावी लागतात. पण त्रेसष्ट नंबरने दिवसभरात बऱ्याच जणांना कोट दिलेले असल्याने तीही जुळणी खात्रीची नाही. मग बर्फाचे गोळे, मग रील, मग बर्फात लोळण, मग ‘गारठलो रे बाबा’ म्हणत तीच रील पुन्हा.

हे सारे अटल बोगद्याच्या तोंडाशी चालते. नऊ किलोमीटरचा हा बोगदा 2020 साली सुरू झाला. त्याआधी रोहतांगची खिंड बंद झाली की पलीकडच्या लाहौल खोऱ्यातला माणूस कित्येक महिने जगापासून तुटायचा. आजारी माणसाला हेलिकॉप्टर हाच आधार, आणि हवा बिघडली की तेही नाही. ती माणसे मातीच्या जाड भिंतींत, एका खोलीतल्या तंदूरभोवती, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाजीवर हिवाळा काढत आली. छतावर बर्फ साचला की लाकडी फावड्याने ओढत आली. त्यांना हिवाळ्यातही दवाखाना गाठता यावा म्हणूनही डोंगर पोखरला. आणि आज तिथून कुणी बाळंतीण निघाली, तर तिच्या गाडीपुढे आमचा माणूस सनरूफमधून अर्धा बाहेर आलेला असेल, दोन्ही हात पसरून!

चार वाजता वारा सुटतो. हजारो चाकांनी दाबलेला बर्फ ऊन कलताच गोठून काच होतो. त्याच्यावर ब्रेक दाबायचा नसतो, खालच्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने उतरायचे असते, हे तिथला पोरगाही सांगेल. आमचा माणूस ब्रेक दाबतो. गाडी आडवी होते. मागचा हॉर्न देतो, त्याच्या मागचाही देतो. बर्फ हॉर्नला बाजूला होतो असा आपल्याकडे दृढ समज आहे. 2024 च्या डिसेंबरात सोलंग ते बोगदा या पट्ट्यात अशा हजारभर गाड्या अडकल्या. पोलीस अंधारात एकेक गाडी ढकलत, धरून खाली उतरवत होते. त्यांच्या अंगावरच्या कोटाला नंबर नव्हता, आणि आतल्या मंडळींची तक्रार होती की नेटवर्क नाही.

इथे मला हसू येईनासे होते. 2022 च्या जानेवारीत सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या मरीला बर्फ पाहायला गेलेली वीसहून अधिक माणसे आपापल्या गाड्यांत मेली. त्यांत लहान मुले होती. गाडीभोवती बर्फ साचून सायलेन्सर बुजतो, आत हीटर चालू, काचा बंद, आणि विषारी वायूला वास नसतो. इंजिन सतत चालू ठेवू नका, आधी सायलेन्सरपुढचा बर्फ उकरा, काच बोटभर उघडी ठेवा, एवढे चार शब्द बाविसांतला एक लाखही खर्च न करता शिकता येतात. पण नाही! यांना हॉटेलच्या खिडकीतून डोंगर कोणत्या कोनात दिसेल हे सहा महिने आधी ठाऊक असते, आणि पोटच्या पोरांना बसवून गाडी जिथे न्यायची तिथला रस्ता कसा असतो हे ठाऊक नसते. अडवणाऱ्या पोलिसाला ‘ओळखलं नाही का’ विचारतात. त्याने ओळखलेले असते. म्हणूनच तो अडवत असतो!

असो. सोलंगच्या त्या रात्री आमचा माणूस गाडीत कुडकुडत असताना त्याचा फोन एकदाचा लागला. त्रेसष्ट नंबरवाला बोलत होता : ‘‘साहब, कोट पाँच बजे तक का था.’’

सकाळी रस्ता मोकळा करणाऱ्या यंत्राचे बिल कुणी मागितले नाही. रात्रभर ढकललेल्या गाडीचेही नाही. वसुली झाली ती एकट्या त्रेसष्ट नंबरकडे : कोटाचे आणखी एका दिवसाचे अडीचशे. आमचा माणूस आधार कार्ड घेऊन घरी आला तो थेट सोसायटीच्या ग्रुपवर लिहायलाच बसला. तिथे पर्यटकांना कसे लुबाडतात, यावर चार परिच्छेद.