ताशी 112

मोबाईलवर निरोप आला तेव्हा मी वरणाला फोडणी देत होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मर्यादा 100, आपला वेग 112, दंड 2,000 रुपये. मी हिला वाचून दाखवलं. चष्मा पुसत तिनं विचारलं, "मध्ये कधी गाडी चोरीला गेली होती का आपली?"

शंका रास्त होती. माझ्या गाडी चालवण्याला आमच्याकडे 'पालखी' म्हणतात. लोणावळ्याला निघालो तरी मेव्हणा विचारतो, "मुक्काम कुठे कुठे?" त्यामुळे चलान चुकीचंच असणार यावर घरात एकमत झालं आणि लढायचं ठरलं.

वकील भाचा म्हणाला, "मामा, लोकअदालतीत मिटवून टाका." पण तिथे होते ती तडजोड, शिवाय त्या निवाड्यावर अपील नाही. मला न्याय हवा होता. बाजारातून फाईल आणून तिच्यावर ठळक अक्षरांत 'चलान' लिहिलं. नुसत्या रिकाम्या फाईलनंही माणसाला केवढा धीर येतो!

मग केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 167-अ वाचायला घेतला. कॅमेऱ्यांच्या डोळ्यांसाठी 2021 च्या ऑगस्टमध्ये आलेला हा नियम. तीस वर्षं पेपर तपासलेत. सवयीनं लाल पेन हातात आलं. नोटीस पंधरा दिवसांत यायला हवी. माझी चौथ्याच दिवशी हजर. कॅमेऱ्याच्या अलीकडे सूचनाफलक हवा. तो बघायला आम्ही मुद्दाम पुन्हा गेलो, ताशी 70 नं, मागच्या गाड्यांचे हॉर्न सोसत. फलक होता, चांगला बैलगाडीएवढा. तो आधी हिलाच दिसला, हे फाईलमध्ये लिहिलेलं नाही. यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागतं, म्हणून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, त्यावर दहा रुपयांचा स्टॅम्पही चिकटवला.

पण माझा खरा भरवसा गणितावर. कॅमेरा रस्त्याच्या कडेला, गाडी रस्त्यावर, म्हणजे यंत्र तिरकं बघतं. तिरकं बघणाऱ्याला सरळ कसं दिसेल? यंत्र रडारचं असेल तर हा कोनाचा खेळ झाला, आणि कोन म्हटलं की कोसाइन आलाच. "सर, याचा पुढे उपयोग काय?" असं मुलांच्या कित्येक पिढ्यांनी मला विचारलं होतं. उत्तर आता न्यायालयात मिळणार होतं. वीस अंशांचा कोन धरला. कोसाइन 0.94. उत्साहात आकडेमोड केली आणि पेन खाली ठेवलं. तिरक्या रडारला वेग कमी दिसतो! दुरुस्ती केलेली नसेल, तर माझा खरा वेग 119. हा युक्तिवाद मांडला असता तर न्यायाधीशांनी माझे आभारच मानले असते.

त्या रात्री झोप लागेना. गाडीचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवू नये असाच दंडक आहे. तेव्हा काट्याचा आधार घ्यावा, असं मनात आलं. पण त्या दिवशी काट्यावर किती होतं? आणि मग सगळं आठवलं. घाट मागे पडला होता, ही शेजारी पेंगत होती, रस्ता मोकळा होता. एक टेम्पो मला मागे टाकून गेला, त्यात कोंबड्या होत्या. त्यातली एक माझ्याकडे बघत होती, असं मला अजूनही वाटतं. पाय आपोआप दाबला गेला. टेम्पो मागे पडला. काट्याकडे मी बघितलंच नाही, कारण मी गात होतो.

सकाळी चलानावरचा फोटो मोठा करून पाहिला. नंबर आमचाच, गाडीही आमचीच. खाली तारीख, वेळ आणि 112. माझ्या वेगाचा सरकारदरबारी नोंदलेला हा एकमेव पुरावा, आणि तो खोटा ठरवायला मीच निघालो होतो.

दंड भरला. अर्जावरचा स्टॅम्प तेवढा वाया गेला. चलान छापून घ्यायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पोरानं स्क्रीनकडे बघून विचारलं, "काका, ब्लॅक अँड व्हाइट की कलर?"

"कलर," मी म्हणालो. "आणि दोन प्रती काढ. एक मेव्हण्याला द्यायची आहे."