बाळाची डबी

मोठ्यांसाठीची क्रीमं आधी आपल्याला घाबरवतात आणि मग धीर देतात. डोळ्यांखाली काळं झालंय, मानेवर रेघा आल्यात, नाकावरची छिद्रं दिसायला लागलीत, हे सगळं नीट पटवून झालं की मग हळूच बाटली पुढे येते. माझ्या लेकीच्या टेबलावर अशा बाटल्यांची रांगच आहे. एक सकाळी लावायची, दुसरी फक्त रात्री, तिसरी दुसरीवर चुकूनही नाही. एवढं सोवळं-ओवळं आमच्या आजेसासूबाईंच्या स्वयंपाकघरातही नव्हतं म्हणे.

बेबी क्रीमच्या डबीला असं काही बोलायची सोयच नाही. सहा महिन्यांच्या बाळाला काय सांगणार, तुझं वय दिसायला लागलंय म्हणून? फार तर ती त्याच्या आईला सांगते की यानं काही होणार नाही. ‘काही होणार नाही’ हे आश्वासन पन्नाशीनंतर मला फार मोलाचं वाटायला लागलंय. यंदा थंडीत गाल ओढायला लागले तेव्हा औषधाच्या दुकानातून सरळ हिमालयाचं बेबी क्रीम घेऊन आले.

डबीवरची बारीक अक्षरं भिंगाखाली धरून वाचली. ऑलिव्ह तेल, ज्येष्ठमध आणि बला, म्हणजे आपल्याकडे पडीक रानात उगवतो तो चिकणा. लेबल ही काही साधी गोष्ट नव्हे बरं. विको टर्मेरिक हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली होती. निकाल अखेर औषधाच्या बाजूनं लागला. हळद बिचारी दोन्हीकडे तीच.

क्रीम म्हणजे तरी काय, एकमेकांचं तोंड न पाहणारं तेल आणि पाणी युक्तीनं एकत्र आणलेलं. लावल्यावर पाणी उडून जातं, तेलाचा पातळ थर मागे राहतो आणि कातडीतला ओलावा निसटू देत नाही. म्हणूनच चेहरा टिपून, तो पुरता सुकायच्या आत लावायचं. बाळाची कातडी पातळ, तिच्यातलं पाणी लवकर उडतं. वय झालं की आपल्या कातडीतलं तेल कमी होतं आणि तीही कोरडी पडते. गाल कुणाचा आहे याची चौकशी तेलाचा थर करत नाही.

आमच्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. त्यांच्या मते हे सगळं भिरंडेलाचं काम. कोकमाच्या बियांचं हे तेल एरवीही घट्टच असतं. मुठीत वळलेला तो पिवळट गोळा विस्तवाजवळ धरायचा, पाघळला की भेगाळलेल्या टाचांत भरायचा आणि पाय वर घेऊन बसायचं. तेच भिरंडेल आता ‘कोकम बटर’ होऊन नाजूक बरण्यांतून विकायला येतं. भाव सासूबाईंना अजून सांगितलेला नाही.

त्यांना हल्ली नीट दिसत नाही, पण नाक तिखट आहे. क्रीम लावून मी त्यांच्याजवळून गेले, तर हात पुढे करून म्हणाल्या, “कुणाचं गं बाळ आलंय? दे इकडे, मांडीवर घेते.” कुणाचं नाही, म्हटलं, तर पटेना. शेवटी माझा गाल त्यांच्या हाताशी नेला. चांगला चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, “तू होय! मग कुकर तरी लावलास का?”

‘नैसर्गिक’ या शब्दावर मात्र फार भाळू नये. बिब्बाही नैसर्गिकच आहे, आणि तो उतल्यावर अंगावर काय फोड येतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. डबीवर बाळाचं चित्र असलं तरी आत सुवास असतोच आणि तो एखाद्याच्या कातडीला सोसत नाही. चेहरा मुळातच तेलकट असेल, मुरमं येत असतील, तर या वाटेला न गेलेलंच बरं. उन्हाळ्यात मीही ती डबी कोपरांपुरतीच ठेवणार आहे.

माझं विचाराल तर गाल ओढायचे थांबले, सुरकुत्या होत्या तिथेच आहेत आणि डागांनीही जागा सोडलेली नाही. लेकीच्या एका सिरमच्या पैशात माझा अख्खा हिवाळा निघून वर चार पैसे उरतील. घेणार असाल तर आधी लहान डबी घ्या आणि दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. उन्हात जायचं असेल तर सनस्क्रीन मात्र वेगळं घ्या. ते काम या डबीचं नाही.