गूढ शब्दकोडं : सोडवण्याची आणि समजावून सांगण्याची शास्त्रोक्त पद्धत

साध्या शब्दकोड्यात ‘सूर्य (२)’ असं विचारतात आणि आपण ‘रवी’ लिहितो. पुढे तो ‘भानू’ निघाला की खोडतो. यात बुद्धीपेक्षा खोडरबर जास्त झिजतं. गूढ कोड्याचं तसं नाही. तिथे समोर आलेलं वाक्य ही सरळ सरळ थाप असते, फक्त ती कायद्यानं मारलेली असते. तो कायदा नवशिक्यांना कळावा आणि घरच्यांना त्याचा उपद्रव व्हावा, या दुहेरी हेतूनं ही मार्गदर्शिका सादर करत आहोत.

१. पूर्वपीठिका (परीक्षेला नाही, पण चारचौघांत लागते)

पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापलं. त्यात सरळ अर्थ विचारले होते. सरळ प्रश्न इंग्रजांना बहुधा असभ्य वाटत असावा. कोडं तिकडे पोचलं आणि वाकडं झालं. १९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉइस मॅदर्स ‘टॉर्कमाडा’ या नावानं गूढ कोडी रचू लागले. मूळ टॉर्कमाडा हा स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणाऱ्या धर्मन्यायालयाचा प्रमुख. १९३९ मध्ये मॅदर्स वारले. त्यांच्या गादीवर आलेल्या डेरिक मॅकनट यांनी ‘झिमेनीझ’ हे नाव घेतलं. तो झिमेनीझही त्याच खात्यातला. १९७२ पासून तिथे ‘एझेड’ आले. हे नाव म्हणजे देझा या आणखी एका छळाधिकाऱ्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलट्या क्रमानं. आपण कोणाच्या दारात उभे आहोत, हे नवशिक्यानं इथेच ओळखावं.

२. कायदा

झिमेनीझ यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात या छळाला शिस्त लावली. त्यांच्या शिकवणीचं सार असं : प्रत्येक शोधसूत्रात उत्तराचा नेमका अर्थ हवा, त्या उत्तराकडे नेणारी शब्दांची कारागिरी हवी आणि तिसरं काहीही नको. अर्थ सूत्राच्या डोक्याला असतो किंवा शेपटाला, मधे कधीच नाही. कंसातला आकडा अक्षरांचा. मराठीत एका चौकोनात काना-मात्रा-जोडाक्षरासकट एक पूर्ण अक्षर बसतं. म्हणून तीन अक्षरी शब्दाला एक आडवा शब्द छेदून गेला, की तिसरा हिस्सा उत्तर फुकट मिळतं. इंग्रजी कोडं सोडवणाऱ्याला एका चौकोनातून एवढी कमाई होत नाही. हे त्याला अवश्य ऐकवावं.

३. मनाची तयारी

सूत्र वाचून डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं, तर ते ताबडतोब पुसावं. ही साधना अवघड नाही. आपल्याकडे ती घरोघर चालते. ‘या एकदा सगळे निवांत जेवायला’ या वाक्यात तारीख नाही, त्याअर्थी जेवणही नाही, हे लहान मुलालासुद्धा कळतं. तोच कान कोड्याला लावायचा.

४. प्रकार आणि प्रात्यक्षिकं

*अक्षरांची उलथापालथ.* ‘कलम मोडताच फूल (३)’. मोडणं, विस्कटणं, नशेत असणं, दंगल, भूकंप असं काही दिसलं की शेजारच्या शब्दाची अक्षरं हलवायची. क, ल, म हलवले की कमल. कमल म्हणजे फूल.

*जोडकाम.* ‘मास्तरांच्या मागे मोटार लावणारं शासन (४)’. मास्तर म्हणजे सर, त्यांच्या मागे कार. सरकार. खाजगी शिकवण्यांवरच्या धाडीशी याचा संबंध नाही.

*घुसखोरी.* ‘दिवसात नकार शिरला की माकड (३)’. दिवस म्हणजे वार. त्यात नकार, म्हणजे चक्क ‘न’ हे अक्षर, शिरलं की वानर. गूढ कोड्यात नकार, मकार, पकार हे सगळे अक्षरं असू शकतात. भावना दुखावून घेऊ नये.

*शिरच्छेद.* ‘पहिल्यालाच कापलेला पगार थंड (२)’. पहिल्याला म्हणजे एक तारखेला नव्हे, पहिल्या अक्षराला. पगारातला प गेला, गार उरलं. नोकरदारांचे डोळे इथे पाणावतात, पण त्याला चौकोन नाही.

*लपंडाव.* ‘आजी वदली त्यात दडलेला प्राण (२)’. आजी काय वदली ते शोधत बसू नये. ‘आजी वदली’ हीच अक्षरं सलग वाचावी. मधेच ‘जीव’ बसलेला आहे.

*जोडअर्थ.* ‘पराभव गळ्यात पडतो (२)’. हार म्हणजे पराभव, आणि गळ्यात पडतो तोही हार. इथे कारागिरी अशी काही नाहीच, नुसते दोन अर्थ खेटून उभे आहेत. सूत्र दोन-तीन शब्दांचंच असेल तर हा संशय पहिला घ्यावा.

*उलटापालट.* सूचना : उलटा, परतला, मागे फिरला, उभ्या शब्दात ‘वर चढला’ही. या प्रकाराचे आद्य लाभार्थी आपल्याकडे वाल्या कोळी. ‘मरा, मरा’ म्हणता म्हणता ते राम म्हणू लागले आणि ऋषी झाले. इतरांनी एवढ्या फळाची अपेक्षा ठेवू नये.

*ध्वनिसाम्य.* लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच, या सवयीवर इंग्रजी कोडेकारांची चैन चालते. मराठीत कोडेकारांच्या वाट्याला फक्त ऱ्हस्व-दीर्घ येतं. तिथेही वेलांटी पहिली की दुसरी याबद्दल सोडवणाऱ्याचं एक मत, कोडेकाराचं दुसरं आणि मुद्रितशोधकाचं तिसरं पडतं. तरी ‘ऐकायला’ हा शब्द दिसला तर सावध व्हावं.

५. उत्तराची तपासणी

उत्तर सुचलं म्हणजे सुटलं, हा नवशिक्यांचा गोड गैरसमज आहे. सूत्रातल्या प्रत्येक शब्दाला काम नेमून द्यावं. एखादा शब्द नुसता उभा राहिला, तर उत्तर तरी चुकलं आहे किंवा कोडेकार तरी. पहिली शक्यता जास्त, पण बोलताना दुसरी सांगावी. मात्र कोडेकाराला लबाड म्हणू नये. वर्तमानपत्रात इतरत्रही बरंच काही फसवं छापून येतं, पण त्याचा हिशेब सहसा मिळत नाही. हा एकच गृहस्थ फसवणुकीचा शब्दन् शब्द दुसऱ्या दिवशी उलगडून देतो.

६. समजावून सांगणं

सोडवणं एकट्यानं होतं. समजावून सांगायला बळी लागतो. रविवारी दुपारी जेवणानंतरचा, पण डोळा लागण्याआधीचा नातेवाईक उत्तम. नमुना संवाद पुढीलप्रमाणे. जावई पुण्याचे, सासरे रत्नागिरीकडचे.

“बाबा, ‘कलम मोडताच फूल’, तीन अक्षरी. सांगा बघू!”

“मोडतं कशाला कलम? वारा होता का?”

“वारा वगैरे नाही हो. कलम हा नुसता शब्द आहे.”

“जावईबापू, मोडलेल्या कलमाला मोहर धरत नाही. असं लिहिलंय कोणी?”

“तीच तर गंमत आहे. मोडायचं म्हणजे अक्षरं मोडायची. क, ल, म. कमल!”

“आंब्याच्या कलमाला कमळ?”

या टप्प्यावर आवाज चढवू नये. ‘अगदी सोपं आहे’ आणि ‘उघड आहे’ हे शब्दप्रयोग निषिद्ध आहेत. त्यांनी आजवर कोणाला काही समजलेलं नाही. अर्थ आधी सांगावा, कारागिरी नंतर, आणि चहा आला की थांबावं. ऐकणाऱ्यानं ‘असं होय!’ म्हटलं, तर ते समजल्याचं चिन्ह मानू नये. ती सुटकेची विनंती असते.

७. भवितव्य

या विद्येनं पोट भरतं का, असं विचारणाऱ्यांना एकाच वर्तमानपत्राचे दोन दाखले द्यावे. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’नं आपल्या कचेरीत १२ मिनिटांच्या आत कोडं सोडवण्याची स्पर्धा भरवली. स्पर्धकांतल्या काहींना पुढे पत्रं आली आणि ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याचं काम मिळालं. दोन वर्षांनी, नॉर्मंडीवरच्या चढाईच्या तोंडावर, त्याच पत्राच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, मलबेरी, नेपच्यून आणि ओव्हरलॉर्ड ही उत्तरं आली. हे सगळे चढाईचे गुप्त शब्द होते. हेर खात्याची माणसं कोडेकाराच्या दारात उभी राहिली. ते एका शाळेचे मुख्याध्यापक होते. चौकशीत काही निघालं नाही. शब्द सैनिकांच्या तोंडून शाळेतल्या पोरांनी ऐकले आणि सरांना पुरवले, असं एका माजी विद्यार्थ्यानं १९८४ मध्ये सांगितलं. तात्पर्य, सोडवणाऱ्याला नोकरी लागते आणि रचणाऱ्याची झडती होते. व्यवसाय निवडताना हे ध्यानात घ्यावं.

८. स्वाध्याय

पुढील सूत्र सोडवा आणि घरातल्या किमान एका व्यक्तीस समजावून द्या : ‘नदी उलटली की गरीब (२)’.

पूररेषा, धरणातला विसर्ग किंवा सरकारी मदत यांविषयी लिहिणाऱ्यास गुण मिळणार नाहीत.