ठकीचा इन्व्हेंतार

१८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून गोव्यात अंमलात आला, आणि १९६१ च्या डिसेंबरात त्याचे कर्ते येथून चालते झाले तरी तो मात्र बिऱ्हाड न हलवता राहिला; त्यामुळे आमच्या पेडणे महालात माणूस गेला की तेरावे उरकते न उरकते तोच इन्व्हेंताराची बोलणी सुरू होतात, मिळकतीची जंत्री बनते, मागे राहिलेल्या जोडीदाराचा अर्धा हिस्सा बाजूस काढला जातो, आणि उरलेल्या माडांवरून सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. आमची ठकी मांजर अकस्मात निवर्तली तेव्हा तिला यातून सूट मिळावी असे कोणाच्याच मनात आले नाही.

ठकी मूळची डिचोलीची. सौभाग्यवतींनी तिला माहेराहून करंडीत घालून म्हापशामार्गे आणले. सबब ती स्त्रीधन की सामाईक मिळकत, हा वाद तिच्या हयातीतच उपस्थित झाला होता. डिचोली पोर्तुगीजांच्या हाती पडली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली, या ज्येष्ठतेचा दाखला आमच्या घरात वरचेवर दिला जाई. तथापि सावंतवाडीकर काय किंवा फिरंगी काय, ठकीइतके बिनखर्ची राज्य या मुलखावर कोणीच केले नसेल. वडिलांची आरामखुर्ची तिने पहिल्याच पावसाळ्यात काबीज केली. मी समोर जाऊन उभा राहिलो की ती एक डोळा उघडून माझा अर्ज वाची, आणि तो नामंजूर करून डोळा मिटी. कोजागरीला पेडण्याच्या पुनवेत भूतनाथ देवळासाठी हट्ट धरतो आणि भक्तमंडळी आश्वासनांवर त्याची समजूत घालतात. ठकीपाशी असले वायदे चालत नसत, तिला बांगड्याचे डोके त्याच क्षणी रोख लागे. चवथीत मात्र माटोळीखाली बसून ती गणरायाच्या मूषकाकडे तासन्‌तास पाही, पण मखराची मर्यादा तिने कधी ओलांडली नाही. हा धर्मभाव होता, की मातीच्या उंदराची पारख, हे ती आपल्याबरोबरच घेऊन गेली.

एका दुपारी मी नेहमीप्रमाणे खुर्चीसमोर उभा राहिलो, आणि अर्ज नामंजूर करण्यासाठीदेखील तिने डोळा उघडला नाही. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले की कित्येक मांजरांच्या हृदयाचे स्नायू आतल्या आत जाड होत जातात, वरून खाणेपिणे व रुबाब यथास्थित चालू असतो, आणि एके दिवशी हृदय थांबते. शेजाऱ्यांशी ज्याच्या मालकीचा तंटा आहे त्या माडाच्या बुडाशी आम्ही तिला पुरले. पलीकडून कोणी हरकत घेतली नाही, याचे मला त्या वेळी नवल वाटले.

उलगडा मासळीवालीने केला. ठकीच्या नावावर परभारे उचललेल्या तारल्यांची बाकी वसूल करण्यास ती आली असता निष्पन्न झाले की हीच ठकी भल्या पहाटे शेजारच्या चुलीपाशी ‘मथुरा’ या नावाने नांदत असे, तेथेही तिच्या जिवावर उधारीचे खाते चालू होते, आणि एकच तारला दोन्ही खात्यांत बिनदिक्कत मांडला गेला होता.

आता कायदा असा की मृताचे देणे अगोदर फेडावे आणि मग शिल्लक वारसांत वाटावी. ठकीच्या मागे देण्यावाचून काहीच शिल्लक नव्हते. तेव्हा देणे फेडील तोच वारस, असा सोयीस्कर अर्थ लावून मी सगळी बाकी तत्काळ चुकती केली. माडाच्या तंट्यापासून अबोला धरलेल्या शेजारीणकाकूंनीही त्याच सकाळी, मथुरा आमची, तिचे देणे आम्हीच देणार, असे गडग्यावरून ठणकावून सांगून संपूर्ण रक्कम मासळीवालीच्या पदरात टाकली. एकाच मांजराचे कर्ज दोनदा वसूल करून ती बाई टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली. आणि आम्हा दोन्ही घरांपैकी कोणी ब्र काढला नाही, कारण अर्धी रक्कम परत मागणे म्हणजे अर्धी ठकी सोडून देणे होते.