वायरमन आण्णा

बारशाला आटपाडीची माणसं झबलं-टोपडं घेऊन जातात, वायरमन आण्णा झिरोचा बल्ब घेऊन येतात. आहेर वेगळा, हा इलाज.

असं माणूस गल्लीगणिक एक सापडतं. वीजमंडळातून रिटायर झालेलं. खांबावर चढणं सुटलं, वरच्या खिशातला टेस्टर काही सुटला नाही. भारनियमनाच्या वर्षांत अख्ख्या तालुक्याच्या शिव्या खाल्ल्या. त्याची भरपाई म्हणून की काय, आता आण्णा उजेड औषधाच्या मात्रेसारखा मोजून देतात. तान्हं मूल आलेलं घर दिसलं की त्यांचा पाय आपोआप तिकडं वळतो.

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, की आण्णा बाळाला आजीच्या मांडीवर देतात, पाळणा बाजूला सरकवतात आणि त्याच जागी सतरंजीवर स्वतः उताणे होतात. बायका तोंडाला पदर लावतात. आण्णांचं लक्ष नसतं. एक डोळा मिटून, मान इकडंतिकडं करून ते छताकडं बघतात आणि जमिनीवरूनच जाहीर करतात, “बल्ब दिसतुया! लेकराला उजेड दिसावा, बल्ब दिसू नये.” मग होल्डर भिंतीवरून निघतो आणि लोखंडी कपाटामागं, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसतो. आण्णांना उठवायला दोन माणसं लागतात.

झिरोच्या बिलावर कुणी शंका काढली की आण्णा रंगात येतात. “झिरो म्हंजी शून्य न्हवं. पंधरा वॉट खातो गडी! जुन्या चकतीच्या मीटरला त्येवढा भार कळायचा न्हाय, म्हणून झिरो.” नव्या मीटरला सगळं कळतं, हे त्यांना मनापासून आवडलेलं नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नाहीत. लाल, फार तर पिवळा. एका सुनेनं ऑनलाइन मागवलेला चंद्र लावला होता. त्यातून छतभर निळ्या चांदण्या फिरायच्या. आण्णा दारातच थबकले. “निळा? निळा लाईट ट्रॅव्हल्सच्या गाडीत असतोय. तितं कोण झोपतंय?” आता यात शास्त्र आण्णांच्या बाजूचं आहे. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी असतात की त्यांना निळसर उजेड जास्त जाणवतो. त्या मेंदूला ‘दिवस आहे’ असं कळवतात आणि झोपेचं मेलाटोनिन कमी होतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली शाळेआधीच्या वयाच्या मुलांना झोपण्यापूर्वी तासभर झगझगीत उजेडात ठेवून पाहिलं, तर मेलाटोनिन ८८ टक्क्यांनी घसरलं. आण्णांना यातलं काही ठाऊक नाही. उत्तरेश्वराच्या यात्रेतल्या रोषणाईचे उरलेले लाल बल्ब त्यांच्या माळ्यावर खोकं भरून पडले आहेत, एवढंच.

त्यांच्या कारकिर्दीवर डाग लागला तो एकदाच. १९९९ साली ‘नेचर’मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांचा निष्कर्ष छापून आला: वयाच्या दोन वर्षांच्या आत दिवा लावून झोपवलेल्या मुलांना पुढं मायनस नंबरचा चष्मा जास्त लागतो. अंधारात झोपलेल्या शंभरातल्या दहांना, रात्रीच्या दिव्यात झोपलेल्या चौतिसांना, मोठ्या लाइटात झोपलेल्या पंचावन्नांना. ही बातमी कुठून तरी गल्लीतल्या गुरुजींच्या हाती लागली. त्या दिवसापासून वर्गात चष्म्याचं पोर दिसलं की गुरुजींचा पहिला प्रश्न, “तुझ्या पाळण्याला दिवा कुणी लावला होता रे?” पोरांनी वायरमन आण्णांचं नाव ‘चष्मेवाले आण्णा’ करून टाकलं. आण्णा दोन दिवस चावडीवर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तावातच, “आवं गुरुजी, ह्येच्या बापाला चष्मा, चुलत्याला चष्मा. बाप जन्मला तवा गल्लीत खांब तरी हुता का?”

पुढल्याच वर्षी ओहायोच्या संशोधकांनी त्याच ‘नेचर’मध्ये हेच लिहिलं. दिव्याचा आणि चष्म्याचा संबंध सापडत नाही. नंबर आईबापांकडून येतो आणि चष्मा असलेले आईबापच पोराच्या खोलीत दिवा जास्त लावतात. ही बातमी गुरुजींपर्यंत पोचली नाही, किंवा पोचली आणि त्यांनी घडी घालून ठेवली.

खरं तर तान्ह्या बाळाला दिव्याचं काही पडलेलं नसतं. जाग आली तरी ते अंधारात स्वतःचा अंगठा चोखत खुशाल पडतं. दिवा लागतो तो मध्यरात्री दुपटं शोधणाऱ्या, पाजायला उठणाऱ्या आईला. आण्णा हे उघड सांगतात, “दीड वरसापतूर बल्ब आयसाठी, फुडं लेकरासाठी.” कारण दोन-तीन वर्षांचं झालं की पोराची कल्पना पळायला लागते आणि कपाटामागं कुणीतरी दिसायला लागतं. त्या कुणीतरीची व्यवस्था आधीच झालेली असते. “आजी घास भरवायला बागुलबुवा आणणार, आन् त्यो घालवायला मी बल्ब लावायचा. निस्ता ताप!” असं म्हणत आण्णा होल्डर आवळतात. पुढच्या घरी जाऊन तिथल्या आजीलाही हेच ऐकवतात. चहा मात्र दोन्हीकडं घेतात.

हल्ली आण्णांचा तालुका वाढला आहे. सोन्या-चांदीच्या गलाईपायी इकडची घरं देशभर पांगलेली. नातवंडं कुठं कुठं जन्माला येतात. मग व्हिडिओ कॉल. “पोरी, फोन पाळण्यात ठेव. उताणा. लेकराच्या उशीपाशी.” आणि आण्णा एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर बसून कोइमतूरचं छत न्याहाळत राहतात.

“काय बघताय वो एवढं?” शेजारचा विचारतो.

“जाळं.” आण्णा फोन जवळ घेतात. “पोरी, सासूला सांग, पंख्यापाशी कोळ्यानं... न्हाय, ऱ्हाऊ दे, सांगू नगंस. बल्ब तेवढा कपाटामागं घे.”

तेवढ्यात पडद्यावर कुंकवाचं कपाळ वाकतं.

“अगं बया! सूनबाई, पाळण्यात ह्यो म्हातारा कुठनं आला?”