बाराशेचा तक्ता

वजन उतरवायचं म्हणून बाई कुठेही गेली, की तिच्या हातात छापील तक्ता पडतो : दिवसाला 1200 कॅलरी. विशीतली असो की साठीतली, दुकानात दिवसभर उभी असो की खुर्चीत बसलेली, तक्ता तोच. हा आळशीपणा आहे आणि त्याची किंमत बाई मोजते.

हिशेब अवघड नाही. 1990 साली अमेरिकेत मिफ्लिन, सेंट जेओर आणि सहकाऱ्यांनी 498 निरोगी माणसं तपासून शरीराच्या रोजच्या खर्चाचं सूत्र बसवलं. बाईसाठी ते असं : वजनाची (किलो) दहापट, अधिक उंचीची (सेंटिमीटर) सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा 161. पंचेचाळीस वर्षांची, 62 किलोची, 155 सेंटिमीटर उंचीची बाई घ्या. उत्तर 1203 कॅलरी. नुसतं पडून राहण्याचा हा खर्च! वजन उतरवायला खर्चापेक्षा कमी खावं लागतं हे खरं, पण किती कमी, हे खर्च कळल्याशिवाय ठरवणार कसं?

पुढे कामाच्या मानाने गुणायचं. बैठं काम 1.2, मध्यम 1.55. फरक सव्वाचारशे कॅलरींचा, म्हणजे चारेक पोळ्यांचा. गोम इथेच आहे. कॅलरी मोजणारं ॲप विचारतं, आठवड्यात किती दिवस व्यायाम? बाई खरं तेच सांगते, एकही नाही. पहाटेचं पाणी भरणं, धुणं, फरशी, तीन जिने, लोकलमधला उभ्याचा प्रवास, यांना रकानाच नाही. झाली ती ‘बैठी’. घरकामाला काम न मानण्याची आपली जुनी खोड आता गणितातही शिरली आहे.

उलट बाजूलाही चूक होते. पोळ्या मोजतात, तेल मोजत नाहीत. पोहे खायचा एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, फुलक्याहून जास्त. बुधलीतून फोडणीत धार सोडली की अंदाज गेलाच.

म्हणून सूत्राचं उत्तर ही फक्त सुरुवात धरा. तीन आठवडे नेहमीसारखं जेवा, तेलासकट लिहून ठेवा, रोज सकाळी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. मिठापाण्याने एका दिवसात किलोभर फरक सहज पडतो. सरासरी हलली नाही, तर रोज लिहिलेल्या कॅलरी हीच तुमची रोजची गरज. त्यातून तीनेकशे कमी करून पाहा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण जेवण घटवलं की साखर एकदम उतरू शकते.